मारेवेआच्या खड्ड्यापुढची भिंत

मारेवेआला कुणी वय विचारलं तर ती परसातल्या खड्ड्याकडं बोट करायची. "त्याला इचारा. त्यानं मला पोसलं, मी त्याला."

अबाइआंग बेटावरच्या तिच्या घरामागं कमरेएवढ्या खोलीचा तो खड्डा तिच्या पणज्यानं खणलेला. तळाला गोडं पाणी, आणि त्यात बाबाईची झाडं उभी. अळूच्याच जातीची, पण पान असं की खाली दोन माणसं पावसाला थांबावीत. एकेक कंद पोसायला पाच-दहा वर्षं जायची. झाडाच्या बुडाशी विणलेली टोपली, टोपलीत पाला न् काळी माती. कुठला पाला कधी घालायचा हे बापानं तिच्या एकटीच्या कानात सांगितलं होतं, भावांनासुद्धा नाही. सणाला गावाच्या सभाघरात घराण्याच्या जागेवर तिचा कंद मांडला जायचा आणि मग ती बोलली की म्हातारे ऐकून घ्यायचे. नवरा वारला, लेकरं राजधानीत, दक्षिण तारावाला नोकरीला गेली, तरी सभाघरातली तिची जागा कुणी हलवली नाही. खड्डा होता ना.

मग एका फेब्रुवारीत मोठी भरती आली, एका कोपऱ्यातून खारं पाणी झिरपलं, आणि सहा झाडांची पानं कडेनं करपली.

त्याच वर्षी तेकेआ आली. पोर याच बेटावरची, मारेवेआच्या नात्यातली. आधी सुवाला शिकली, मग ऑस्ट्रेलियात काँक्रीटवर डॉक्टर झाली. येताना होडीतून तिथल्या विद्यापीठाचे दोनशे ठोकळे परीक्षेसाठी घेऊन आली, खाचेत खाच बसणारे.

"मावशी, नेहमीच्या काँक्रीटात लोखंड असतं. खाऱ्या पाण्यानं ते गंजतं, फुगतं आणि काँक्रीट फोडतं. यात लोखंडच नाही. काळा दगड वितळवून काढलेले धागे आहेत. वाळू समुद्राची, पाणीही समुद्राचं. आणि आत जंतू झोपवलेत. तडा जाऊन पाणी शिरलं की ते जागे होतात, चुना करतात आणि भेग बुजवतात."

"म्हंजी प्रवाळावानी."

"तसंच."

मारेवेआचा धाकटा दीर तेबुरेआ शेजारी बसून मासे साफ करत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "जित्ता दगड म्हण की! वैनी, उबीला बसव, पिल्लं निघतील. पुढल्या वर्साला मला बी एक जोडी दे."

सगळे हसले. मारेवेआसुद्धा.

खड्ड्याच्या समुद्राकडच्या बाजूला भिंत रचून झाल्यावर सभाघरात बैठक झाली. परदेशात राहूनही आपण रीत विसरलो नाही हे तेकेआला दाखवायचं होतं. तिनं मान लववली आणि म्हणाली, "हे ठोकळे विद्यापीठाचे नाहीत. आजपासून मारेवेआमावशीचे आहेत."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मारेवेआला मात्र पुढचं दिसलं. शाळेची टाकी कुणी मागत नाही, सरकारी होडी कुणी मागत नाही. पण जे माणसाचं असतं त्यावर बुबुसी चालते. आप्तानं तोंडानं मागितलं की नाही म्हणायचं नसतं. जो नाही म्हणेल त्याच्या पंगतीला कोण बसणार? लपवता येईल ते लोक लपवतात. तीस पावलांची भिंत कुठं लपवणार? तिथल्या तिथं पोरीला टोकलं असतं तर चारचौघांत तिची मान खाली गेली असती. मारेवेआनंही मान डोलावली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. होडी आपटून एका ठोकळ्याला केसाएवढा तडा गेला होता. चार महिन्यांत तिथं पांढरी रेघ धरली. मारेवेआ येता-जाता तिच्यावरून बोट फिरवायची. भरती भिंतीला थडकून मागं गेली. सहाही झाडांना नवी पानं फुटली.

मग एका सकाळी तेबुरेआ आला. थट्टा नाही, हसणं नाही. दाराबाहेरच बसला.

"वैनी, आत बोलवू नगं. बुबुसी करायला आलोय."

"बोला भावजी."

"माझ्या पोराच्या थडग्याखालची वाळू भरतीनं सरकली. काल हाडूक दिसलं. धा ठोकळे दे."

त्या पोराला तिनंच न्हाऊ-माखू घातलं होतं. ती उठली आणि पहिला ठोकळा स्वतःच्या हातानं खाचेतून काढला. त्या जागी प्रवाळाचे धोंडे रचले, वाळूची पोती लावली.

थडग्याला दिले म्हटल्यावर प्रार्थनाघराच्या पायरीला नाही कसं म्हणायचं? पायरीला दिले, मग चुलतबहिणीच्या विहिरीच्या काठाला. बहिणीनंतर तिची जाऊ आली, डुकरांच्या गोठ्यासाठी.

"डुकरांना गं कशाला जित्ता दगड?"

"डुकरं बी जित्तीच हायत की, मारेवेआ."

हसावं की रडावं कळेना. तिनं चार दिले, आणि मागणारे येत राहिले.

जानेवारीत तेकेआ मोजणीला आली. आधी तडा गेलेल्या ठोकळ्यापाशी बसली, भिंग लावलं. चेहरा उजळला. "भेग पूर्ण बुजली! मावशी, दगड पास झाला." मग उभं राहून तिनं भिंतीवरून नजर फिरवली. ठोकळे मोजले. एकशे सतरा. मध्ये धोंडे, पोती, फटी.

मारेवेआ तिच्यासमोर वाळूत बसली. "आता मी तुला बुबुसी करत्ये. कमी झालेले त्र्याऐंशी दे."

तेकेआचं तोंड उतरलं. तिलाही नाही म्हणता येत नव्हतं, आणि द्यायला हातात काही नव्हतं. "परीक्षा संपली, मावशी. त्यातली जंतूंची पूड बाहेरून येते. पुढचे ठोकळे एका मोठ्या बंदराला जायचेत. मी अर्ज करीन. दोन वर्षं तरी लागतील."

"तवा नुसतं 'विद्यापीठाचे' म्हणली असतीस, तर मी सांगू शकले असते, बाई, माझे न्हाईत."

"मी तुम्हाला मान दिला हो."

"व्हय. मान दिलास."

फेब्रुवारीची भरती भर सकाळी आली. ठोकळे जागचे हलले नाहीत. पाणी पोत्यांवरून आलं, धोंड्यांमधून आलं आणि सरळ खड्ड्यात उतरलं. तेबुरेआ धावत आला. दोघं बादल्यांनी उपसत राहिली. दुपारी मारेवेआनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी."

"अजून थोडं..."

"ऱ्हाऊ द्या."

महिन्याभरात पानं करपली, देठ लवले. तिनं मांडीभर पाण्यात उतरून एकेक कंद उपटला. थोरले आतून मऊ पडले होते, वास मारत होते. धाकटे मुठीएवढेच भरले होते. त्यातले चार-दोन उकडून पाहिले, चिकट झाले. पाल्याची विद्या लेकीला सांगावी म्हणून तिनं तारावाला फोन लावला. लेक म्हणाली, "आई, हिथं खड्डा कुठंय?" मग दोघी मासळीच्या भावाबद्दल बोलल्या.

जुलैत बेटांच्या स्वातंत्र्यदिनाची पंगत बसली. मारेवेआ आपल्या घराण्याच्या जागेवर गेली आणि तिथं शिजवलेल्या भाताचं पातेलं ठेवलं. दुकानातला भात, घरोघरी शिजतो तसला. कुणी नाव ठेवलं नाही. तेबुरेआनंही मान खाली घालून दोनदा भात घेतला. म्हाताऱ्यांनी पुढच्या सणाचं बोलणं काढलं, कोण काय आणणार ते ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही.