घोंगडीखालची गाडी

घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा वास सुटतो आणि मला आणे घाट आठवतो. गाडी मी चालवत होते. शेजारी सासूबाई, पूर्वी एकच मधमाशी चावून त्यांचा श्वास अडकला होता. वळणावर आग्या मोहोळाच्या माश्या काचेवर आदळू लागल्या. मी पटकन खिडक्या लावल्या.

मोहोळ उठलं की आमच्याकडे घोंगडी पांघरतात. सासूबाईंनी मांडीवरची घोंगडी चालत्या गाडीत माझ्याच डोक्यावर ओढली.

“आत्या, मला रस्ता दिसंना!”

“नसू दे. चावणार तर न्हाई!”

मी घोंगडी झटकली आणि सावकाश गाडी पुढे काढली. घाट उतरून थांबले. त्यांना एकही डंख नव्हता. हुश्श म्हटलं आणि मग त्यांच्यावर भरपूर ओरडले.

त्यांच्या अंगावर घोंगडीचं फक्त टोक होतं, हे आज लक्षात येतंय.