नानकटाई, खारी आणि बाकी वैताग

किस्से मी गोळा करत नाही हो. ओट्यावर मैदा साचतो तसे ते साचतात. सकाळी पुसावं तर संध्याकाळी आहेतच परत!

मला जन्मापासून दिसत नाही. माहेर सांगलीचं. आता मलकापुरात घरीच केक, पाव, खारी, नानकटाई करून विकते. नवरा, विलास, फौजेतून रिटायर झालाय. ऑर्डरी तो पोचवतो.

*

एक बाई केक सांगायला आल्या. मी समोरच उभी. त्या विलासला म्हणाल्या, "ह्यांना विचारा, एगलेस करतात का?"

विलासनं माझ्याकडे वळून विचारलं. मी "हो" म्हटलं. त्यानं वळून त्यांना "हो" सांगितलं. असं वायरलेस सेटसारखं बराच वेळ चाललं. जाताना बाई माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "मागचा—केक—छान—होता!"

"ताई, मला ऐकू येतं."

बाई विलासकडे वळल्या. "अय्या, ह्यांना ऐकू येतं?"

*

दिवाळीच्या आधी नणंद शिरवळहून मदतीला आली. मी घटकाभर पाठ टेकली, तेवढ्यात तिनं अख्खं स्वयंपाकघर लावून टाकलं. डबे घासले, पुसले, उंचीप्रमाणे मांडले. मी उठून नेहमीच्या जागी हात घातला आणि नानकटाईला साखर घेतली. पहिल्या घाण्यातली एक विलासनं तोंडात टाकली आणि तसाच मोरीकडे पळाला. मीठ!

मी एकेक डबा उघडून चाखायला लागले.

नणंद कळवळून म्हणाली, "पण वहिनी, मी सगळ्या डब्यांवर लेबलं लावली होती की!"

*

भाजण्याची भीती मला नाही, विलासला आहे. "तू नगं, तुला भाजंल," म्हणून एकदा त्यानं ट्रे काढला आणि तळहात चांगलाच भाजून घेतला. मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले. नर्सनं माझी काठी बघितली, माझाच हात ओढला आणि मलम चोपडायला सुरुवात केली.

"दिसत नाही तर ओव्हनजवळ जायचं कशाला, ताई?"

"आवं बाई," विलास कण्हत म्हणाला, "भाजलंय मला!"

पुढं हाताची पट्टी निघेपर्यंत त्याच्या शर्टाची बटणंही मीच लावत होते. माझी कामं होतीच.

*

महिला दिन आला की माझा सत्कार ठरलेला. यंदा वक्ते म्हणाले, "यांना दृष्टी नाही, पण दूरदृष्टी आहे!" टाळ्या. सकाळच्या पावाचं पीठ घरी फुगून बाहेर आलं असणार, ही माझी दूरदृष्टी.

हातात एक फ्रेम दिली. रिक्षात बसल्यावर विलासला विचारलं, "कसली रे?"

"तुझाच फोटू हाय."

"कशी दिसते मी?"

त्यानं फ्रेम माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "दमल्याली."

*

आता सासूबाईंचं सांगते. त्या पाटणकडच्या गावात राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. "आंधळीच्या हातचं मी खानार न्हाई," असं त्या लग्नातच बोलल्या होत्या आणि तो शब्द त्यांनी पाळला. इथं आल्या की भाकरी फडक्यात बांधून आणायच्या.

परवा त्या आल्या होत्या आणि विलास ऑर्डर द्यायला गेला होता. मी चहा ठेवला होता. भिंतीवरून बांगड्या घासत आल्याचा आवाज आला. अगदी सावकाश, दारापर्यंत.

"कोण, आत्या?"

"व्हय." बांगड्या ओट्यापर्यंत आल्या. मग, "कप भरत आला ह्ये तुला कसं कळतं गं?"

"आवाज बदलतो, आत्या. आधी जाड येतो, भरत आला की बारीक होतो."

"वत की. ऐकू दे."

मी ओतला. त्यांना फरक कळला नाही. परत पातेल्यात घातला, परत ओतला.

"डोळे मिटा, आत्या. मिटले की नीट ऐकू येतं."

"मिटलं काय, उघडलं काय, सारकंच गं," त्या म्हणाल्या. "वत तू."