डावा हात ताईचा

माझा मामा बाजारात तोलारी होता. मोठा लोखंडी काटा, त्यावर चढणारी-उतरणारी पोती आणि शेजारी लाकडी स्टुलावर मामा. काटा पुरता थांबल्याशिवाय तो आकडा बोलायचा नाही. घाई करणाऱ्याला म्हणायचा, "पोतं तुमचं, पण काटा सगळ्यांचा आहे. जरा दम धरा." एकदा त्याने आकडा उच्चारला की घेणाराही वाद घालत नसे आणि विकणाराही. या गोष्टीचा मामाला अभिमान होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही त्याने कधी केला नाही.

बाजारात त्याला 'तोलारीमामा' म्हणत, पण शेती मंडळात त्याचं नाव होतं 'दुहाते'. मंडळाचा नियम असा होता, की कालव्याच्या पाण्यावर ज्याची जमीन भिजते तो सभासद. जमीन मोठी असो की चार वाफ्यांची, मत एकच. ते सभेत हात वर करून द्यायचं. ज्याला सभेला येणं जमत नाही, त्याने सचिवांसमोर सांगून आपला हात घरातल्या दुसऱ्या सभासदाकडे द्यायचा. मग त्या माणसाने उजवा हात स्वतःचा म्हणून वर करायचा आणि डावा दुसऱ्याचा म्हणून. अट एवढीच, की दर सभेआधी विचारून यायचं.

मामाचा डावा हात मावशीचा होता. मावशी त्याची थोरली बहीण. काका गेल्यापासून ती आपली जमीन एकटी कसत होती. मंडळाची सभा भरायची गोदामावरच्या माडीवर, आणि तिथला लोखंडी जिना तिच्या गुडघ्यांना झेपण्यातला नव्हता. म्हणून तिने हात धाकट्या भावाला दिला.

सुरुवातीला मामा प्रत्येक सभेआधी सायकल काढून तिच्याकडे जायचा. ती कोबीच्या वाफ्यात वाकलेली असायची. तिथूनच म्हणायची, "तुला योग्य वाटेल ते कर रे." असं बऱ्याचदा ऐकल्यावर त्याचं जाणं विरळ झालं, मग थांबलंच. मामी एकदा बोललीही, "अहो, ताईंना विचारलंत का?"

"ताई आणि मी काय वेगळे आहोत?"

"वेगळे नसतात तर मंडळाने एकाच हातात भागवलं असतं."

मामाने चपला चढवल्या आणि निघून गेला.

मामाचा छोटा मळा कालव्याच्या तोंडाशी होता आणि मावशीची जमीन पार शेपटाला. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, म्हणून पाळी नेहमी शेपटाकडून सुरू व्हायची. शेवटच्याला आधी मिळावं, तोंडाशी असलेल्याला कसंही मिळतंच, असा त्यामागचा हिशेब. एका वर्षी कोणीतरी विषय काढला, की पाळी तोंडाकडून सुरू करू. सभा संपत आली होती, चहाचे कप गोळा होत होते. अध्यक्षांनी पहिल्या रांगेतल्या मामाकडे बघून म्हटलं, "काय दुहाते, तुमच्यावर भिस्त आहे." सचिवांनी विषय वाचला. मामाचे दोन्ही हात वर गेले. एका मताच्या फरकाने ठराव पास झाला.

मी तेव्हा सुट्टीला मावशीकडे होते. दारात बसून आम्ही शेंगा सोलत होतो. पाटकरी, म्हणजे कालव्याची दारं उघडझाप करणारा माणूस, बांधावरून जाता जाता थांबला.

"यंदा तुमची पाळी सगळ्यात शेवटी, मावशी. पाणी उरलं तर."

"असं कोणी ठरवलं?"

"मंडळाने. तुमचाही हात वर होता की." त्याला वाटलं होतं तिला माहीत आहे. तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "मला काय, मी आपला दारं उघडतो," आणि चालू लागला.

मावशीने उरलेल्या सगळ्या शेंगा सोलून संपवल्या. मग रिक्षा बोलावली आणि मला घेऊन मामाकडे गेली.

मामा नुकताच बाजारातून येऊन पाणी पीत होता.

"माझा हात वर होता म्हणे, धाकट्या."

त्याने भांडं खाली ठेवलं. "अगं, शेवटी शेवटी इतका गोंगाट होता... मला नीट ऐकू आलं नाही. दोन्ही हात गेले वर. सवय."

"सवय," मावशी म्हणाली. थोडा वेळ ती त्याच्या गुडघ्यावर ठेवलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिली, एखादी उसनी दिलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी. "विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. एवढंच."

भांडली असती तर मामाला बरं वाटलं असतं. पण तिने मामीने केलेला चहा पूर्ण प्यायला, मामीच्या पाठदुखीची चौकशी केली, माझ्या वेणीची रिबीन नीट बांधली आणि गेली.

सचिव स्वतः तिच्याकडे येऊन सांगून गेले, की तुम्ही तक्रारीचा अर्ज करा, ठराव रद्द होईल. मावशी म्हणाली, "भावाविरुद्ध अर्ज? कोबी काय, पुढच्या वर्षी परत लावता येतो." हे वाक्य सचिवांकडून मामापर्यंत पोचलं, आणि तिथून त्याचं जेवण कमी झालं.

त्याने आडवाटा शोधल्या. बाजारातल्या टेम्पोत पिंपं भरून दुपारी मावशीच्या शेतावर नेली. तापलेल्या जमिनीने ते पाणी घोटभर प्यावं तसं पिऊन टाकलं. मावशी म्हणाली, "राहू दे रे, कंबर जाईल तुझी." तिच्या काळजीने तो आणखी खाली बघायला लागला. मग सचिवांना गाठून विचारलं, की हे गुपचूप फिरवता येणार नाही का.

"दोनच वाटा आहेत, मामा. ताईंचा अर्ज, नाहीतर तुम्ही सभेत उभं राहून सांगायचं की न विचारता हात वर केला. मग ठरावावर पुन्हा मत घेऊ. पण तुमचे दोन्ही हात पुढच्या निवडणुकीपर्यंत बंद."

"आणि ऐकण्यात चूक झाली असं सांगितलं तर?"

"तर हात बंद होत नाहीत. पण ठरावही फिरत नाही. चुकून दिलेलं मत हे मतच."

एव्हाना बाजारातही गोष्ट पसरली होती. पोतं काट्यावर टाकताना एक व्यापारी हसत म्हणाला, "मामा, हात जरा लांब ठेवा हं, तुमचे आपोआप वर-खाली होतात म्हणे." सगळे हसले. मामाही हसला. पण त्या दिवसापासून वजन करताना तो हात पाठीमागे बांधून उभा राहू लागला. स्टुलावर बसेनाच.

मावशीच्या कोबीची खालची पानं पिवळी पडून माना टाकायला लागली होती. मामी ते बघून आली आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "तिकडे पिंपं वाहून नेताय, ते लोकांना दिसावं म्हणून की ताईंना पाणी मिळावं म्हणून?"

मामाने घास तसाच ताटात ठेवला. "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? हात तुमचे."

पुढच्या सभेला मामा उभा राहिला. हे मी मामीकडून ऐकलं; ती स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली होती. मामा म्हणाला, "मागच्या सभेत मी ताईला न विचारता तिचा हात वर केला."

अध्यक्षांनी त्याला सांभाळून घ्यायला बघितलं. "असू दे हो. गोंगाटात ऐकू आलं नसेल. बसा तुम्ही."

बसायला खुर्ची मागेच होती. मामीला क्षणभर वाटलं, आता हे बसणार. मामाने खुर्चीची पाठ धरली.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं होतं. माझा मळा तोंडाशी आहे. पाणी आधी मिळेल असं मनात आलं, आणि ताई काही बोलणार नाही हेही मनात आलं. सवयीने गेले असं तिला सांगितलं, ते खोटं होतं."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "म्हणजे आमच्या पोत्यांचंही..." आणि थांबलं. शेवटचा शब्द न ऐकताही मामाला तो ऐकू आला.

फेरमतदानाच्या दिवशी मावशी स्वतः आली. लोखंडी जिना एक एक पायरी थांबत चढली, मामा मागे, पडली तर धरायला. मध्येच ती कठड्याला टेकली.

"थांबत थांबत चढता येतो की हा जिना, हे कधी बोलला नाहीस."

"तू यायला लागलीस तर..." मामाने वाक्य पुरं केलं नाही. तिनेही करायला लावलं नाही. फक्त पिशवी त्याच्याकडे दिली आणि पुढची पायरी चढली.

ती पहिल्या रांगेत त्याच्या खुर्चीवर बसली. मामा सगळ्यात मागे बसला, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. मावशीचा हात वर गेला, काकणं कोपरापर्यंत घसरली. ठराव फिरला. पाळी पुन्हा शेपटाकडून सुरू झाली, पण पलीकडच्या वाफ्यांचा कोबी तोवर गेला होता. तो तिने नांगरून टाकला. मामा मदतीला गेला. दोघं दिवसभर काम करत होती आणि कामापुरतंच बोलत होती.

निवडणूक आली, मामाचे हात मोकळे झाले. सचिवांनी मावशीला विचारलं, "आता हात कोणाकडे?"

"त्याच्याकडेच."

मामा कासावीस झाला. "ताई, दुसऱ्या कोणाला दे ना."

"घरातल्यालाच द्यायचा असतो. दुसरा भाऊ कुठून आणू?"

सभेत उभं राहून बोलताना त्याला जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी या एका वाक्याने वाटली, असं तो पुढे मामीला म्हणाला.

आता प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी तो फोन करतो. परवा मी मावशीकडे होते तेव्हाही आला. मंडळाच्या दाराला रंग द्यायचा होता, हिरवा की पांढरा.

"अरे, दाराच्या रंगाचं मला काय? तुला हवा तो दे."

"तसं नाही. तू सांग."

"धाकट्या, दूध उतू जातंय माझं."

"मग पटकन सांग."

मावशीने कपाळावर हात मारला. "पांढरा. ठेवू?"

सभेत सगळ्यांनी हिरव्याला हात वर केले, मामानेही, फक्त उजवा. मग पांढऱ्यासाठी विचारलं, तेव्हा अख्ख्या माडीवर एकच हात वर होता, मामाचा डावा. सचिव हसायला लागले. "अहो दुहाते, एकाच माणसाचे दोन रंग?"

"दोन माणसं आहेत," मामा म्हणाला. तो हसला नाही. सचिवांनी मत नोंदवेपर्यंत हात वर धरून राहिला आणि मग हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला.