लोकर किती वर्षं टिकते

वॉटफर्डच्या घरातला तो आमचा दुसरा हिवाळा. लेकीच्या खोलीत, बरोबर तिच्या पलंगाच्या वर, छताला चहाच्या रंगाचा डाग उमटला होता. ती सात वर्षांची, जन्म इथलाच. एका सकाळी शाळेचे मोजे चढवताना म्हणाली, "आई, माझा छत रडतो." मी सवयीने सुधारलं, "रडतंय." मग वर पाहिलं. थेंब खरंच लोंबत होता.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून वर जायची, खुर्चीवर चढून डागाला हात लावायची, खाली यायची, पुन्हा जायची. लेकीला खोकला होता. इथे हिवाळ्यात कुणाच्या मुलांना नसतो? पण मला तिची प्रत्येक ढास त्या डागातून आल्यासारखी वाटायची.

छप्पर तपासायला आलेला माणूस म्हणाला, कौलं शाबूत आहेत, लोकर जुनी झालीय. लोकर म्हणजे घरातली ऊब वर निसटू नये म्हणून छत आणि कौलं यांच्यामधल्या माळ्यावर, लॉफ्टमध्ये, अंथरलेली काचेच्या तंतूंची गादी. नवऱ्याने मग फोमवाल्याला बोलावलं. हा गडी कौलांना आतून फेस फवारणार, तो फुगून कडक होणार, काम संपलं.

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जास्त," तो हसून म्हणाला.

नवऱ्यालाही हसू आलं. मला नाही.

"एकदाच काय ते करून टाकू," फोमवाला गेल्यावर नवरा म्हणाला.

"आणि वरची ओल आतच कोंडली तर?"

"अगं, तो रोज हेच करतो."

"आणि आपली पोरगी रोज त्याच्याखाली झोपते."

तो क्रॉयडनच्या ऑफिसमधून गाड्या बदलत दमून आलेला. शब्दाला शब्द वाढला. फोमवाला सोमवारी येणार हे ठरलेलंच राहिलं.

रविवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते. आमचं घर जोडघर, मधली भिंत एकच. पलीकडे सत्तरी ओलांडलेल्या बाई एकट्या राहायच्या, लग्न झाल्यापासून त्याच घरात. त्यांना विचारलं, "तुमच्याकडे वर ओल येते का हो?"

"कोण जाणे. नवरा गेल्यापासून मी वर चढलेच नाही." त्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाल्या, "चल, बघू या. शिडी तू धर."

त्या माझ्याआधी वर पोचल्या. टॉर्चच्या उजेडात त्या एकेक दाखवत गेल्या; त्यांचा सगळा संसारच तिथे अंथरलेला होता. पहिल्या बाळाच्या वेळी दोघांनी मिळून टाकलेली काचेची लोकर मधोमध अजून फुगीर होती. पाण्याच्या टाकीखाली तीच लोकर पापडासारखी चपटी झालेली. वळचणीला त्यांच्या नवऱ्याने ती इतकी ठासून भरली होती की वारा बंद झाला होता आणि लाकडावर काळी बुरशी चढली होती. पुढच्या बाजूला कुणाकडून तरी कागदाचा भुगा भरून घेतलेला, तो बसून बसून निम्मा झाला होता. कोपऱ्यात मेंढीची लोकर होती. तिला कसर लागली होती.

"रिटायर झाल्यावरचं त्याचं खूळ," त्या म्हणाल्या. "ती कसर खाली उतरली आणि माझे चांगले कोट खाऊन गेली."

"यातलं सगळ्यात जास्त काय टिकलं?"

"जे कोरडं राहिलं ते. या देशात तेच तर अवघड."

मग त्यांनी मधल्या लोकरीवर हात ठेवला. "आमचं भांडण झालं की तो इथे येऊन बसायचा. फळी वाजली की मी खाली चहाला पाणी ठेवायची." मी त्यांचा कोपर धरला.

तिथून निघाले ती त्यांनी वर चढताना दिलेले हातमोजेही न काढता आमच्या लॉफ्टमध्ये चढले. लेकीच्या खोलीवरची लोकर उचलली तर ती भिजल्या स्पंजसारखी जड. ओलीचा माग काढत गुडघ्यांवर सरकत गेले. बाथरूमच्या वर, वाफ बाहेर फेकणाऱ्या फॅनचा पाइप भिंतीतल्या तोंडापासून निसटून लोकरीत पडला होता.

"फॅन लाव गं!" मी खाली ओरडले. लेकीने बाथरूममधली फॅनची दोरी ओढली आणि माझ्या मनगटावर दमट, शाम्पूच्या वासाची हवा आली. आमच्या सगळ्यांच्या आंघोळींची वाफ तिथे साठत होती.

नवरा वर आला. त्यानेही पाइपासमोर हात धरून पाहिला. तिथेच बसून फोमवाल्याला नको म्हणून मेसेज केला.

भिजलेली लोकर काळ्या पिशव्यांत भरून बाहेर काढली, पाइप भिंतीत पक्का बसवून घेतला, वळचणी मोकळ्या केल्या. लाकूड वाळेपर्यंत वरच्या खोल्या लोकरीविना गारठलेल्या, म्हणून आम्ही तिघं खाली एकाच खोलीत झोपलो. मग नवी लोकर आली. डाग वाळला. खोकला कमी झाला, पण थांबला नाही. डॉक्टरांनी इनहेलर दिला; हलका दमा आहे, ओलीमुळेच असं सांगता येत नाही, म्हणाले. मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि चिडायला कुणी सापडत नव्हतं.

वसंतात शेजारच्या बाईंनी कुंपणावरून सांगितलं, घर विकतेय, साउथहॅम्प्टनला मुलीजवळ तळमजल्याचा फ्लॅट घेतलाय.

"एवढ्यात का?" मी विचारलं.

"वर जायची भीती वाटत होती, म्हणून घर सुटत नव्हतं. आता जाऊन आले."

त्या गेल्यावर भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला. मी या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागले. शेवटी नवराच म्हणाला, "शनिवारी त्यांच्याकडे जाऊन येऊ."

फ्लॅट नवाकोरा होता, कोरडा ठणठणीत. आम्ही कोट काढतोय तोच त्यांनी स्वतःचा चढवला. "या घरात नुसतं गरम होतं गं," त्या म्हणाल्या, "खिडकी बोटभरच उघडते. चला, बाहेर जाऊ." बंदराकडून बोचरा वारा येत होता. लेकीचा हात धरून त्या इतक्या भरभर चालत होत्या की आम्हा दोघांना मागून अक्षरशः पळावं लागलं.