पोचल्याचा फोन

मुलगी टोरंटोला परत जायला निघाली, तेव्हा जावयानं मला मोबाइलवर अंतर दाखवलं. दिल्ली ते टोरंटो इतके हजार किलोमीटर, इतके तास. त्यात आमचं गाव मेडशी ते दिल्ली कुठंच नव्हतं. फाट्यावर एसटीची वाट पाहण्यातच माणसाचा अर्धा जीव जातो, ते त्या मोबाइलला काय ठाऊक!

आमच्या घरात अंतर झाडूनं मोजायचं. घरवालीचा नियमच होता, "पोरगी पोचल्याबिगर झाडूले हात लावाचा नाई." मुलगी अकोल्याला कॉलेजात होती तेव्हा ती सकाळच्या गाडीनं जायची आणि दुपारी घर झाडलं जायचं. लग्न होऊन पुण्याला गेली, तर झाडणं दुसऱ्या दिवसावर गेलं. पुढं टोरंटो आलं आणि केर दोन-दोन दिवस साचू लागला. मी चिडवायचो, "उद्या चंद्रावर गेली त पंधरा दिवस उकिरड्यात राहाचं काय?"

"राहाचं," ती म्हणायची. विषय संपला.

घरवाली वारली त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाला मुलगी, जावई, नात आले, चार दिवस घर भरलं आणि गेले. मी झाडूला हात लावला नाही. बैठकीत तुरीच्या शेंगांची टरफलं, नातीच्या रंगीत पेन्सिलींचा भुगा, पलंगाखाली तिची एक क्लिप. चहाचा कप घेऊन मी त्या पसाऱ्यातच बसायचो. फार आठवण यायची लेकीची नि नातीची.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, पोचलो आमी. लावा आता झाडू." अगदी तिच्या आईचाच आवाज. मी कसंबसं "लावतो" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी शेजारच्या वहिनी भाजीची वाटी घेऊन आल्या. दारातच थबकल्या. "भाऊजी, पोरगी पोचली नं? मंग घराचा असा उकिरडा काहून करून ठेवला?" आणि त्यांनी दारामागचा झाडू उचललासुद्धा.

घरवालीला नेलं त्या दिवशी आम्ही अंगणाबाहेर पडतो न पडतो, तोच आतून झाडूचा आवाज आला होता. तो हात याच वहिनींचा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मयत उचललं की मागोमाग घर झाडून काढायचं, ही रीतच आहे. म्हणून तर जिवंत माणूस निघालं की त्याच्यामागं लगेच झाडत नाहीत. पण तेव्हा मला तिरडीचा खांदा सोडून मागं धावावंसं वाटलं होतं. अहो थांबा, ती पोचली कुठं अजून!

मी वहिनींच्या हातून झाडू काढून घेतला.

"राहू द्या, वहिनी. पोरगी पोचली. तिच्या मायचा फोन याचा हाय अजून."