दोन कुलपांची खोली

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. बघा, सुरुवातच कशी भित्री झाली.

मी तळेगावकडच्या नवलाख उंबरे गावाजवळच्या एका औषध कारखान्यात केमिस्ट आहे. कडक बाई म्हणून माझी ख्याती. पाठीमागे पोरं मला काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. नव्या भरतीला अमली पदार्थांच्या कायद्याचा तास मीच घेते. इंग्रजांच्या राज्यात अफू कशी सरकारच्या मक्त्याची होती, त्यांना महसुलाची काळजी होती, माणसांची कुठली? मग पंच्याऐंशी साली आजचा कायदा आला. अफूपासून काढलेली पूड खोकल्याच्या औषधात घालायची तरी परवाना लागतो, आणि आमच्याकडे त्या पुडीच्या खोलीला दोन कुलपं. एक चावी केमिस्टकडे, एक स्टोअरवाल्याकडे. एकट्याला दार उघडता येऊ नये म्हणून. हे सगळं मी फळ्यापुढे उभी राहून सांगते आणि पोरं लिहून घेतात. लिहून घेतात हो, माझ्याकडून!

स्टोअरची चावी सलीमभाऊंकडे असायची. गावातलेच, माझ्याहून बरेच मोठे. त्यांची सासुरवाडी आंदर मावळात. तिकडचा नवा तांदूळ आला की माझ्यासाठी एक पिशवी ठरलेली. मी नको नको म्हणायची आणि घ्यायची.

माझं घर लोणावळ्यात, भुशी धरणाच्या वाटेवर. पावसाळ्यातल्या रविवारी त्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकते — पर्यटक, कणसं, गाण्यांचे भोंगे. रविवारी काम लागलं की मी वर अडकलेली आणि खाली सगळे माझ्या चावीची वाट बघत बसलेले. शेवटी एका शनिवारी मी बाजारात जाऊन माझ्या चावीची जोडचावी करून घेतली. तशीच कारखान्यात गेले आणि सलीमभाऊंपुढे धरली. ते घेईनात. हे बरं न्हाई मॅडम, म्हणाले. मी खेकसले — कायदा मला शिकवू नका. मग घेतली. दुसरं काय करणार होते?

दोन पावसाळे माझे मजेत गेले. तिसऱ्या वर्षी तपासणीत पुडीचे डबे कमी भरले. कुलपं मात्र धड. कुणी नेले, ते आजतागायत कळलेलं नाही. चौकशीला माणसं आली, झडती झाली आणि सलीमभाऊंच्या खणात ती चावी सापडली. त्यांनी सरळ सांगितलं, मॅडमनी दिली. चौकशीचे साहेब माझ्याकडे वळले.

माझी पाचावर धारण बसली. नोकरी जाईल, मलाही धरून नेतील, लोणावळ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही — काय काय आलं मनात. सलीमभाऊ तिथेच उभे होते, हाताच्या अंतरावर. मी म्हणाले, “मी कुणालाही चावी दिलेली नाही.” आवाजसुद्धा चढवला. चढवला की खरं वाटतं ना!

या कायद्यात जामीन सहजी होत नाही. पुष्कळदा आपण निर्दोष आहोत हे आरोपीलाच दाखवून द्यावं लागतं. हेही मीच शिकवते. सलीमभाऊ चार वर्षं आत होते. शेवटी पुराव्याअभावी सुटले. तोवर त्यांची आई गेली आणि मुलाचं कॉलेज सुटलं. मला त्या वर्षांत बढती मिळाली.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही. मी अजून तिथवर आलेच नाही.

गेल्या वर्षी तळेगावच्या भाजीबाजारात ते अचानक समोर आले. पार वाळलेले. मी वाट काढून सटकायला बघत होते, तर तेच जवळ आले. चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगते. पण ते अगदी हळू बोलले.

“मॅडम, रागवू नका. येकच इचारायचंय. ती चावी तुमीच दिल्ती ना मला? लय येळा सांगितलं, कुनीच मानंना. आता माझं मलाच खरं वाटत न्हाई.”

खटला कधीच संपला होता. त्यांना कुठे तक्रार करायची नव्हती, कुणाला जाऊन सांगायचंही नव्हतं. नुसतं ‘हो’ हवं होतं, त्यांचं त्यांना. मग मला भीती कशाची होती? मी कितीदा शोधून पाहिलं. कशाचीच नव्हती हो.

मी म्हणाले, “इतक्या वर्षांपूर्वीचं नाही आठवत, सलीमभाऊ.”

त्यांनी हातातली पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, व्हय, तुमी कशाला खोटं बोलाल. आणि गेले. मी मेथीची जुडी घेतली, घासाघीससुद्धा केली.

तेव्हापासून तासाला उभी राहिले की फळ्याकडे तोंड करूनच बोलते. मागे वळले की वाटतं, पोरांच्यात ते बसलेत आणि तेच विचारणार आहेत.

त्यांची सून सध्या आमच्याच पॅकिंगला आहे. परवा जेवायला माझ्या शेजारी बसली आणि आपणहून सांगायला लागली. अब्बा हल्ली घरात म्हणतात, चावी मीच कुठून तरी करून आणली असणार, माझीच बुद्धी फिरली असंल. तुझं कॉलेज माझ्यापायी गेलं म्हणून मुलापुढे हात जोडले त्यांनी. तिचे डोळे भरून आले होते. “असं कसं हो होतं, मॅडम?” तिनं विचारलं.

मला सगळं आठवत होतं. चावी नवी कोरी होती, आणि ती घेताना ते मान हलवत होते, नको नको म्हणत. मी दिली होती. मीच दिली होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “वय झालं की होतं असं.”