बानं कप धुवू नये म्हणून

माझ्या पहिल्या पगाराची मेजवानी एका इराण्याच्या हाटेलात पार वाया गेली, आणि त्यात त्या बिचाऱ्या इराण्याची काडीचीही चूक नव्हती. चूक होती माझ्या बाची. खरं तर त्याचीही नव्हती. पण त्या दिवशी मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि हाताशी बाच होता.

मी तेव्हा परळच्या एका इस्पितळात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत आम्ही तिघं, बा, आय आणि मी. बा गिरणीत. तीस वर्षं मुंबईत काढली, पण हाटेलाची पायरी म्हणून कधी चढला नाही. चहा प्यायचा तो गिरणीच्या फाटकाबाहेरच्या गाडीवर, उभ्यानं, स्वतःच्या जर्मनच्या मगातून. मी म्हटलं, आता लेक कमावती झाली, चल बा, खुर्चीवर बसून चहा पी. नाक्यावरच्या इराण्याकडे नेलं, बन-मस्का मागवला. बा खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकला, चहा बशीत ओतून भुरके मारत संपवला, आणि मी तोंड पुसतेय तोवर कपबशी उचलून थेट निघाला मोरीकडे.

गल्ल्यावरून इराणी ओरडला, "ओ बाबा! कप लेके किदर चला?"

सगळं हाटेल वळून बघायला लागलं. इराण्याला वाटलं, म्हातारा कपबशी लांबवतोय. बा मोरीपाशी उभा, हातात विसळलेला कप, आणि तोंडावर समजूतदार माणसाचं हसू. "धुतला न्हवं," तो म्हणाला. इराण्याला काही कळेना. मला मात्र कळलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं गाव साताऱ्याकडचं. तिथल्या चहाच्या दुकानात आमच्या लोकांचे कप बाहेर, वळचणीखालच्या खिळ्यांना टांगलेले असायचे. आपण आपला कप काढायचा, पुढे धरायचा, दुकानदार वरून चहा ओतणार, आपण जमिनीवर बसून प्यायचा, कप धुवायचा आणि परत खिळ्याला अडकवायचा. बा आठ वर्षांचा असताना हे शिकला. आता आम्ही बौद्ध झालो होतो. घरातले देव बानं स्वतःच्या हातानं बाहेर काढले होते, चाळीच्या मैदानात चारचौघांसमोर छाती काढून शपथ घेतली होती. तोंडानं तो कुणाच्या बापाला भीत नव्हता. हात मात्र अजून गावातच होते.

आणि बा परत गावाला जाणार होता. गिरणीतून सुटायची वेळ आली होती, दिवाळी झाली की आयला घेऊन तो कायमचा निघणार होता. गावातल्या वळचणीखालचे खिळे अजून जागच्या जागी होते, वर्षातून एकदा जायचे तेव्हा मी बघून यायचे. मला रात्रंदिवस एकच गोष्ट खायची: बा गावी पोचेल आणि पहिल्याच सकाळी वळचणीखाली हात घालून तो कप काढेल. डोंबल मग त्या शपथेचं! मी ठरवलं, दिवाळीच्या आत ह्या माणसाला हाटेलात बसायला शिकवायचं. खुर्चीवर बसायचं, मागून खायचं, आणि कप तसाच टाकून उठायचं.

झालं, आमची दर रविवारची वारी सुरू झाली. आमच्या वॉर्डात माझी एक मैत्रीण होती, गिरगावातल्या कारकुनाची मुलगी, खाण्यापिण्यातली मोठी जाणकार. तिच्या लेखी नायगाव म्हणजे गावाबाहेरचं. "अगं, तिकडे माणसं बाहेर काही खातात तरी का?" असं विचारायची. पण तिला काय ठाऊक, दादरपासून नायगावपर्यंत तेव्हा वस्ती अशी वाढत होती की दर महिन्याला कुठे ना कुठे नवं हाटेल उघडायचं. कुणी उडपी, कुणी मालवणी, कुणी कोल्हापूरकडचा. कुठला चांगला आणि कुठला नुसता रंग मारलेला, हे आपण जाऊन खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. मी आधी एकटी जाऊन चव बघून यायचे. एकटी बाई टेबलावर बसून मिसळ खातेय म्हटल्यावर लोक काय बघायचे! बघा म्हटलं, नीट बघा. पण चवीच्याही आधी मी एक गोष्ट बघायचे, ती म्हणजे मोरी कुठे आहे. मोरी जितकी लांब तितकं हाटेल चांगलं, असा माझा हिशेब होता.

दादरच्या उडप्याकडे माझा अंदाज साफ चुकला. डोसा काय सुरेख, कडेला जाळी पडलेला, चटणी ताजी. पण बसायला जागा मिळाली ती नेमकी नळाला खेटून. बानं आमचे दोन्ही कप तर धुतलेच, शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून गेला तर त्याचाही धुवून ठेवला. "हातासरशी," म्हणाला. वेटर हसून हसून बेजार. "आजोबा, उद्यापासून कामावर या," म्हणाला तो, आणि बालाही त्यात गंमत वाटली. मी मात्र बाला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग मैत्रिणीनं आम्हाला गिरगावात बोलावलं. संगमरवरी टेबलं, पितळी कड्यांचे दरवाजे, दुधासारखं स्वच्छ सगळं. आत शिरताच वेटर म्हणाला, "बाई बरोबर आहेत, फॅमिली रूममध्ये बसा." फॅमिली रूम म्हणजे पडदा लावलेला लाकडी खुराडा. बाचा चेहरा खुलला, आता कुणी बघणार नाही म्हणून. मी म्हटलं, "पडद्याआड बसायचं नाही. इथंच, मध्ये." मैत्रीण मला चिमटे काढतेय, बा पाय घासतोय, पण मी हटले नाही. बसलो मध्ये. बटाटेवडा आला, पियुष आलं, आणि मोरी होती दोन खोल्या पलीकडे, अगदी माझ्या मनासारखी! मी निर्धास्त. तेवढ्यात बघते तर बानं पियुषचा पेला टेबलाखाली घेतलाय आणि धोतराच्या सोग्यानं तो आतून लख्ख पुसतोय. कप्पाळ! मैत्रीण बिचारी खिडकीबाहेर बघायला लागली. तिनं पुढे कधी त्याचं नाव काढलं नाही, ह्याचं मला अजून बरं वाटतं.

लालबागला एका खानावळीत गेलो, तर तिथल्या बाईनं आधी गाव विचारलं. ती फक्त आपल्या तालुक्याच्या गिरणीवाल्यांनाच जेवू घालायची. "तुमच्याकडची खानावळ पलीकडच्या गल्लीत," असं सांगून तिनं आम्हाला वाटेला लावलं. त्या गल्लीत गेलो तर खानावळ बंद. उपाशी परत आलो आणि आयनं भाकऱ्या थापायला घेतल्या.

त्या रात्रीच्या कालवणात मीठ थोडं कमी होतं. बानं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "ह्यात मीठ हाय का मिठाची नुसती आठवण हाय?" आय तव्यावरून वळली आणि उलथनं रोखून म्हणाली, "घरात तेवढा वाघ! हाटेलात समदं ग्वाड लागतंय तुमास्नी. पोरीनं करपलेला वडा दिला तरी ब्येस हाय म्हनता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कपाच्या मागं कशाला लागलीस ग? ज्या दिशी ह्यो मानूस हाटेलात नावं ठिवंल, त्या दिशी समज सुटला."

अक्षरशः डोळे उघडले माझे. आय कधी हाटेलात गेली नव्हती, पण बाला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखत होती. खरंच की! जिथं आपल्याला हक्क वाटतो तिथंच आपण नावं ठेवतो. मी मोऱ्या बघायचं सोडलं आणि जिवाचा कान करून बाच्या तोंडून तक्रार कधी येते, त्याची वाट बघायला लागले. गोड चहा, अगोड चहा, शिळा पाव, कशालाही बाचं आपलं एकच, "ब्येस हाय." दिवाळी तोंडावर आली तरी तेच.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. परळच्या मैदानात सभा झाली, बा आणि मी दोघंही गेलो होतो. घोषणा देऊन देऊन बाचा घसा बसला होता. सभा सुटली आणि लोंढाच्या लोंढा भुकेला लालबागच्या बाजूला वळला. तिथं एक मटण-भाकरीचं हाटेल नवीनच उघडलं होतं. आत ही झुंबड! मालक खांद्यावर टॉवेल टाकून, जागा दिसेल तिथं माणसं कोंबत होता. बाला त्यानं एका बाकावर दोन अनोळखी माणसांच्या मध्ये बसवलं. एकीकडे गिरणीतला एक आडदांड मुकादम, दुसरीकडे काळी टोपी घातलेले कुणी कारकून. मी समोर. मुंबई मिळणार की नाही ह्यावर मुकादम आणि कारकून बाच्या डोक्यावरून भांडत होते. मध्येच दोघं बालाच विचारायचे, "काय मामा, बरोबर ना?" आणि बा घोगऱ्या आवाजात दोघांनाही ठणकावून उत्तर द्यायचा. सगळ्या गडबडीत तो बाकावर चांगला मांडी ठोकून बसलाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी मुद्दाम बोलले नाही.

थाळ्या आल्या. कारकून म्हणाले, "वा! काय रस्सा आहे." बानं भाकरी बुडवली, घास घेतला, चावला आणि थांबला. मग वर मान करून, बसलेल्या घशातून निघेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"ह्यो रस्सा हाय का ऊन पानी?"

मालकानं मान वळवली. बा थांबला नाही. "मुंबईसाठी घसा फोडून आलो आमी, आन् तू पानी पाजतुयास व्हय रं?"

मालक माणसांतून वाट काढत आमच्याकडे यायला लागला. चांगला धिप्पाड होता. इतके महिने ज्याची वाट बघितली ते घडलं आणि मला वाटलं, आता हा काय बोलेल, बाला उठवील का, जात काढील का. मी पदर खोचून उठलेच. मालकानं बाच्या वाटीत चमचा घातला, चाखलं, आणि कान पकडले. "खरं आहे, मामा. गर्दी वाढली तसं आत कुणीतरी पाणी वाढवलंय."

मुकादम दोन्ही हातांनी टेबल बडवत उभा राहिला आणि ओरडला, "घट्ट रस्सा!"

सवयच लागली होती सगळ्यांना. अख्खं हाटेल एका सुरात गरजलं, "झालाच पाहिजे!"

कसलं हसू फुटलं म्हणता! कारकुनांची टोपी वाटीत पडली. मालक स्वतः आत गेला, दुसऱ्या पातेल्यातला रस्सा घेऊन आला, बाच्या पुढ्यात ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बानं सावकाश घास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघतोय. "आता हाय," बा म्हणाला. "पर कांदा कुठाय?"

जेवून उठलो. बा मोरीवर गेला, हात धुतले, चूळ भरली, धोतराला हात पुसत बाहेर आला आणि मुकादमाबरोबर बोलत रस्त्याला लागला. त्याची थाळी टेबलावर तशीच. चघळलेली हाडं, रश्शाचे ओघळ, अर्धी भाकरी. मी तिथंच उभी राहून त्या उष्ट्या थाळीकडे बघत राहिले आणि घळाघळा रडले. आनंदानंच रडले, उगाच कशाला लपवू. बा परत आत आला. "रडतीस कशापायी? तिखट लागलं व्हय?" मी म्हटलं, "हो."

मग काय विचारता! बाला तोंड फुटलं. नाक्यावरच्या इराण्याला त्यानं सांगितलं, ब्रून पाव कडक नाही. उडप्याला म्हणाला, सांबार आंबलंय. मला लाज वाटायची आणि एकीकडे ऊरही भरून यायचा. आय म्हणाली, "घ्या! आता निस्तरा." दिवाळी झाली, बा आणि आय गावाला गेले. खोलीत मी एकटी उरले, आणि मनात तो खिळा तसाच.

पुढे थंडीत बाचा चुलतभाऊ डोळे दाखवायला आमच्या इस्पितळात आला. मला बघताच गरजला, "तुझ्या बाला मुंबईत कुनी बिघडावला ग?"

"काय केलं त्यानं?"

"काय केलं? चाच्या दुकानात गेला आन् थेट बाकावर बसला. दुकानदारानं चा दिला न्हाई, दोन दिस दुकान बंद ठिवलं. तिसऱ्या दिशी उघाडलं, तर ह्यो पुन्यांदा बाकावर, आन् मागं आमची धा पोरं हुबी. शेवटाला दुकानदारानं आतला कप काढला, चा भरला आन् ह्याच्या म्होरं ठिवला."

"मग? प्याला?"

"प्याला कुठला! कप नाकाला लावला आन् म्हनला, वास येतुया, नीट धुवून आन."

"आणि दुकानदारानं काय केलं?"

"काय करनार? समदं गाव बघत हुतं," पाहुणा म्हणाला. "धुवून आनला."